हेक्टर मॅकिनन कुणाचा?

आजोबांच्या थडग्यावरचं गवत कापायला इशबेल विळा घेऊन टेकडी चढली, तेव्हा पाऊस म्हणावा असा नव्हता. खाडीवरून नुसती भुरभुर येत होती आणि पापण्यांवर बसत होती. फाटकातून आत पाऊल टाकलं, तर समोर लॉकी. गुडघे चिखलात रोवून तो एका जुन्या दगडावरचं शेवाळ खरवडत होता. तो असा अवचित दिसला की तिच्या काळजात नेहमी काहीतरी हलायचं. आजही हललं असतं... पण लॉकीच्या डोक्यावर छत्री होती. आणि छत्री धरणारा हात बाईचा होता.

हिरवा रेनकोट. पाठीवर मोकळे सोडलेले काळेभोर केस. त्यांच्या गावात असे केस सोडायची सोय नव्हती; समुद्राचा वारा घटकाभरात त्यांची दोरखंडं करी. हिचे मात्र नुसते चमकत होते.

"बरं झालं तू आलीस," लॉकी बसल्या जागेवरून म्हणाला. "हिला तुझ्याकडेच आणणार होतो."

हिला. इतक्या लवकर 'हिला'!

मेरेडिथ तिचं नाव. आली होती थेट न्यूझीलंडहून. बस तिला फाट्यावर सोडून निघून गेली, लॉकी झिंग्यांच्या टोपल्या पोचवून ट्रकमधून परतत होता, त्यानं तिला गाडीत घेतलं. झालं एवढंच, असं तो म्हणाला. पण मग चिखलात गुडघे कुणी सांगितले होते रोवायला? गेल्या उन्हाळ्यात इशबेलच्या आजोबांचा दगड कलला, तेव्हा हाच लॉकी 'उद्या बघू' म्हणाला होता, आणि तो उद्या उजाडायला पंधरवडा लागला होता.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या या गावात जवळजवळ सगळेच मॅकिनन. नुसतं नाव सांगून इथं कुणाला काही कळत नसे. नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न, तुझा बाप कोण? मग त्याचा बाप कोण? अशी माळ ओढत ओढत स्कॉटलंडहून जहाजानं आलेल्या पहिल्या माणसापर्यंत जायचं, तेव्हा कुठं चहा पुढं यायचा. लॉकीचं घर सुतारांचं. इशबेलचं तांबड्यांचं, तांबड्या केसांच्या जॉनवरून पडलेलं. या माळा आजोबांनी तिच्या ओठांवर बसवल्या होत्या, लहानपणी, झोका देता देता. ती सहकारी दुकानात गल्ल्यावर बसे. कुणाच्या घरात लग्नाचा विषय निघाला की आया चहापत्ती घेता घेता हळूच विचारत, अगं, आमच्यात आणि त्यांच्यात किती पिढ्यांचं अंतर? पाच पिढ्यांच्या आत नातं निघालं की ती मुलं भाऊबहीण. मग विषय मिटला, चहापत्ती घरी गेली.

लॉकीही दुकानात यायचा. खिळे न्यायचा. इतके खिळे एका माणसाला कशाला लागतात, हे इशबेलनं कधी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. कधी ओल्या पोत्यात दोन झिंगे ठेवून जायचा, म्हणायचा, आईनं दिलेत. त्याच्या आईला, जेसीकाकूंना, विचारलं तर त्यांना पत्ताच नसे. दोन वर्षं हेच चाललं होतं. बोलायचं कुणी, यावर सगळं अडलं होतं.

मेरेडिथनं सांगितलं, तिची आई गेल्या हिवाळ्यात गेली. आता मागेपुढे कुणी नाही. आई म्हणायची, आपली माणसं त्या बेटावर आहेत. आपला हेक्टर मॅकिनन स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून तिथं गेला होता, त्याचा एकुलता एक मुलगा नील जहाजावर चढला तो दक्षिणेकडे निघून गेला. त्या नीलची नात म्हणजे तिची आई.

इशबेलच्या अंगावर शहारा आला. हेक्टर! तांबड्या जॉनचा पाठचा भाऊ. जॉन तिचाच पणजोबा. आजोबा माळ म्हणताना हेक्टरपाशी थांबायचे, आणि म्हणायचे, याची फांदी पाण्यावरून गेली, तिला फुलं आली की नाही कोण जाणे. आता ती फांदी इथं, छत्री धरून उभी. तांबड्यांच्या घरात इशबेलशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाकीचे बॉस्टनला गेले ते तिथलेच झाले. तिनं हात पुढं करायचा, 'ये' म्हणायचं, बस...

तेवढ्यात मेरेडिथनं रुमाल काढला आणि लॉकीच्या गालावरचं शेवाळ पुसलं. लॉकी हसला. त्याच्या उजव्या गालाला पडणारी खळी इशबेलची होती. म्हणजे, तसं कुठं ठरलं नव्हतं, पण होती.

"हेक्टर?" इशबेलच्या तोंडून निघून गेलं. "तो तर सुतारांचा. लॉकी अ‍ॅलनचा, अ‍ॅलन रॉरीचा, रॉरी डंकन सुताराचा. आणि हेक्टर म्हणजे डंकनचा सख्खा भाऊ. तुम्ही दोघं भाऊबहीणच की."

लॉकीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "असं होय."

डंकन सुतार दोन बहिणींना घेऊन आला होता, त्याला भाऊ नव्हताच. पण हे लॉकीला कुठलं ठाऊक? त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. टेकडी उतरताना इशबेलला गाणं म्हणावंसं वाटत होतं. बहीण म्हटल्यावर आता कितीही रुमाल काढू दे.

पण खोटं बोलायचं तर पुढचं पाऊल बघून बोलावं, एवढं तिला सुचलं नव्हतं. मेरेडिथ खानावळीत उतरली होती, तिथून संध्याकाळच्या आत जेसीकाकूंनी तिची बॅग उचलून आणली. घरची पोर परक्याच्या ताटात जेवेल आणि मी इथं माडीवरची खोली नुसती झाडत बसू काय, असं त्या रस्त्यात भेटेल त्याला सांगत होत्या. माडीवरची खोली म्हणजे लॉकीच्या खोलीला लागून. मग मेरेडिथ त्यांच्या टेबलाशी बसून ओटच्या पोळ्या लाटायला शिकली. लॉकीच्या होडीतून झिंग्यांच्या टोपल्या पाण्यातून ओढायला गेली, त्याच्या बापाचा जुना स्वेटर घालून. फिडलच्या तारांवर तिची बोटं कशी ठेवायची हे लॉकी तिच्या मागं उभा राहून दाखवत होता, ते दुकानाच्या खिडकीतून इशबेलनं पाहिलं आणि एका गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं. बहीण म्हणून दार उघडलं होतं तिनंच. आता त्या दारातून सगळी माया तिच्या डोळ्यांदेखत आत चालली होती, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

लॉकी खिळे न्यायलाही येईना.

एकदा आला, तर काडेपेटी घेऊन लगेच निघाला. इशबेलनं सहज विचारावं तसं विचारलं, पाहुणी रमली का?

"रमेल नाही तर काय," तो म्हणाला. "तूच तर नातं लावून दिलंस."

त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकत होतं. ते काय, हे तिला कळेना, आणि रात्री उशी दोन्ही बाजूंनी तापेपर्यंत तिनं त्याचाच विचार केला.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ती पुन्हा टेकडीवर गेली. भिंतीपाशी पोचली आणि पाय थांबले. मेरेडिथ डंकन सुताराच्या दगडापुढं बसली होती. जांभळ्या रानफुलांचा जुडगा तिनं दगडाला टेकवला होता आणि ती हळू आवाजात बोलत होती — आई, सापडले बघ. तुझी माणसं सापडली. बोलता बोलता ती रडायला लागली, खांदे हलवत, लहान मुलीसारखी. आणि चार पावलांवर, गवतात अर्धा बुडालेला, खऱ्या हेक्टरचा दगड कोरडाच.

इशबेलला वाटलं, जावं, सांगावं... तिनं भिंतीवर हात टेकला. तोच झाडामागून लॉकी आला. मेरेडिथशेजारी बसला, तिचा हात हातात घेतला, कानाशी वाकून कितीतरी वेळ बोलत राहिला. मेरेडिथनं आधी डोळे विस्फारले. मग रडतारडताच हसली, आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

बहिणीशी असं कुणी बोलतं?

इशबेल घरी आली ती वाट न दिसताच. अंगात दोन काटे घेऊन आली. एक त्या फुलांचा, एक त्या खांद्याचा. कुठला जास्त खुपतोय हे रात्रभर तिला ठरवता आलं नाही.

मंगळवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये कापड बडवायचं होतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड भिजवायचं, लांब टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचं आणि गाण्याच्या ठेक्यावर ते आपटत, पुढं ढकलत, घट्ट करायचं. कापड आटत आलं की शेवटी जोड्या लावायचं गाणं. म्हणणारा एकेका मुलीला कुणाशी तरी जोडतो. मुलीनं गाण्यातच उत्तर द्यायचं, पत्करलं किंवा झिडकारलं. आणि कडवं सुरू केलं की अर्धं सोडायचं नाही. अर्धं सोडलं तर कापड वाकडं आटतं म्हणतात, मग सगळं पुन्हा भिजवायचं.

आर्चीकाका म्हणणारे. त्यांची जीभ म्हणजे गावाची मोकाट मेंढी, कुणाच्याही कुंपणात शिरणारी. त्यांनी आधी पाहुणीलाच धरलं.

खाडीच्या पल्याड कुणाची गं होडी?
पाहुणीला द्या गं लॉकीची जोडी.

कुणीतरी म्हणालं, काका, ते भाऊबहीण ना? आर्चीकाकांनी डोळा मिचकावला, समुद्र ओलांडला की रक्त पातळ होतं म्हणाले. मेरेडिथला हे सगळं कळलं असेल असं इशबेलला वाटलं नाही. पण ती सरसावून बसली, आणि शिकवल्यासारखं, एकेक शब्द जपत म्हणाली,

होडी त्याची चांगली, वल्ही माझ्या हाती,
नेईन गं त्याला मी समुद्राच्या पाठी.

हॉल हसण्यानं भरला. टेबलाच्या टोकाला लॉकीही मान खाली घालून हसत होता. इशबेलचे हात कापडावर पडत होते, पण आपण काय आपटतोय हे तिला कळत नव्हतं.

तांबड्यांची इशबेल कुणाच्या गं घरी?
विधुर त्या रँकिनची मेंढरं ती चारी.

आर्चीकाकांनी कडवं तिच्यापुढं टाकलं होतं. आता तिनं झिडकारायचं, लोकांनी हसायचं, की संपलं. समोर मेरेडिथ बसली होती. तिच्या स्वेटरच्या बटणात रविवारचंच एक जांभळं फूल होतं, सुकलेलं. डंकनच्या दगडापाशी वेचलेलं. इशबेलला वाटलं, आपण बोललो तर यांच्यामधली भिंत पडेल. उद्या हा होडीत बसून खरंच जाईल. आणि नाही बोललो तर ही पोर परक्याच्या दगडाला आपला म्हणत परत जाईल, आणि मी घरात एकटीच राहीन, स्वतःचं माणूस स्वतः हाकलून...

तिनं डोळे मिटले.

स्कायचा गं हेक्टर तांबड्यांचा होता,
सुतारांचा केला मी, शब्द माझा खोटा.

टेबलावरचे हात थांबले. तिला आता थांबता येत नव्हतं.

पाहुणीचं रक्त ते माझंच गं रक्त,
लॉकी तिचा कुणी नव्हे...

आणि तिथंच ती अडली. पुढचे शब्द तिच्याजवळ होते, पण ते म्हणायचे म्हणजे...

"हात थांबवू नका गं," जेसीकाकू शांतपणे म्हणाल्या. "कापड वाकडं होईल."

धप, धप. हात पुन्हा चालू झाले. इशबेलनं डोळे उघडले, तेव्हा मेरेडिथ तिच्याकडंच पाहत होती. रागानं नाही, पण अगदीच माफ केल्यासारखंही नाही.

"मला रविवारी कळलं," मेरेडिथ म्हणाली. "लॉकीनं सांगितलं. खूप राग आला होता मला तुझा. मग वाटलं, आयुष्यभर बहीण मागत होते, आता मिळाली ती आल्याआल्या भांडायला लागली. बहिणी अशाच असतात म्हणे." थोडं थांबून ती म्हणाली, "उद्या मला हेक्टरचा दगड दाखव. फुलं तू आणायचीस."

इशबेलनं मान हलवली.

लॉकी जागेवरून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि इशबेलच्या शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगून तिथं बसला. दोन्ही हातांनी त्यानं कापड धरलं, ठेक्यात.

"तुला ठाऊक होतं?" ती पुटपुटली.

"होडीत बसवून बापानं मला दोनच गोष्टी शिकवल्या. दोर बांधायचा कसा, आणि आपली माणसं कोण. डंकनला भाऊ नव्हता हे मला प्रार्थनेच्या आधी पाठ झालंय. आईलाही ठाऊक होतं. ती म्हणाली, पाहुणीला जेवायला तर घालू, इशबेल येईल आपली आपण खरं सांगायला."

"मग त्याच दिवशी तोंड का नाही उघडलंस?" आता तिलाच राग आला होता. "मी रोज जळत होते तिकडं."

"दिसत होतं. खिडकीतून." त्याच्या गालाला खळी पडली. "दोन वर्षं खिळे नेतोय गं मी, इशबेल. घरात आता खिळे ठोकायला भिंत नाही उरली. तू एकदा तरी काही बोललीस का? आणि त्या दिवशी तू माझ्या वंशात सबंध माणूस घुसवलास. एवढं कुणी उगाच करत नाही. म्हटलं, कशासाठी केलं ते तिच्या तोंडून ऐकू."

"ऐकलंस की आता."

"कुठं? अर्ध्यावर सोडलंस."

आर्चीकाका खाकरले आणि म्हणाले, पोरी, तुम्हा दोघांचं घोंगडं दोन वर्षं भिजत पडलंय, ते जाऊ दे. पण टेबलावरचं हे पुन्हा भिजवायला लागलं तर रात्रीच्या जेवणाला मुकू आम्ही सगळे.

धप, धप. सगळ्या टेबलाचे हात तिची वाट पाहत होते. कापडाखाली लॉकीचं करंगळीचं टोक तिच्या करंगळीला लागलं आणि तिथंच राहिलं. इशबेलनं त्याच्याकडं पाहिलं नाही. समोर, तिच्या नव्या बहिणीकडं पाहत, लाजेनं कानांच्या पाळ्या तापलेल्या असताना, तिनं शेवटची ओळ पुन्हा उचलली आणि या वेळी सोडली नाही.

लॉकी तिचा कुणी नव्हे, इशबेलचा फक्त.