धसकटावरच्या शेंगा

जमिनीपासून चार बोटांवर सोयाबीनची एक शेंग लोंबत होती. धसकट मात्र वीतभर उंच होतं. हार्वेस्टरची पाती शेंगेच्या वरून गेली होती, तिला धक्काही लागला नव्हता.

रूपालीने शेंग फोडली. तीन दाणे, टपोरे!

"आर्जव, बघ! कापलेल्या पट्ट्यात प्रत्येक धसकटाला शेंगा आहेत!"

"आणि तिकडे आत्याला काय सुनावतायत ते ऐक," धाकटा भाऊ म्हणाला.

बांधावर हार्वेस्टरचे मालक कृष्णात चहा पीत होते. "राजमतीवहिनी, उतारा न्हाई, पीक कमी पडलं. बियाणंच खोटं तुमचं! आवं, बाईमाणसाला झेपत न्हाई ह्ये. रान वाट्यानं कसायला द्या मला. पेरणीपासनं सांगतोय!"

"बघू," आत्या पुटपुटली.

दिवाळीच्या सुट्टीला आल्यापासून दोघं हे 'बघू' ऐकत होती. आत्याचे यजमान वारल्यावर तिने पहिल्यांदाच एकटीने सोयाबीन पेरलं होतं. बियाणं ओल्या गोणपाटात उगवून, पारखून घेतलं होतं. ते खोटं? रूपालीचे कान तापले.

"आर्जव, आधी मशीनची किल्ली काढ."

"कशाला?"

"आपण वाकून बघताना कुणी ते सुरू करू नये म्हणून, शहाण्या!"

किल्ली रूपालीच्या खिशात गेली. कापणीचा पुढचा भाग, म्हणजे हेडर, जमिनीवर टेकवलेला होता. आर्जव आडवा पडून पात्यांच्या पट्टीमागे डोकावला.

"ताई, भाताचं काड अडकलंय!"

"पाटणला भात कापून आलंय ना. पट्टीचे बोल्ट बघ."

"गच्च आवळलेत. वर चिखल वाळलाय!"

रूपाली तडक बांधावर गेली. "कृष्णातकाका, सकाळी तुम्हीच सांगत होता, भाताच्या लोंब्या वर असतात म्हणून पट्टी आवळलेली चालते. सोयाबीनला ती मोकळी करायची, म्हणजे जमिनीसंगं लवते आणि बुडातून कापते. केलीत मोकळी?"

"कवाच!"

"मग लववून दाखवा."

कृष्णातांचा कप खाली आला. "लय शानी झालीस! किल्ली दे."

"आधी पाना काढा!"

"आगं, बोल्ट खोलायचं म्हंजे निम्मा दिस जातो! तेवढ्यात दुसरं रान हुतंय."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला!" रूपाली उसळली. "शेंगा तुम्ही सोडल्यात आणि बोल लावलात आत्याच्या बियाण्याला!"

आत्या उठली. एकेक धसकट बघत, शेंगा ओरबाडत ती पट्ट्यातून चालत गेली. परतली तेव्हा पदराचा ओटा भरला होता. तिने तो कृष्णातांपुढे धरला.

"ह्ये खोटं बियाणं व्हय?"

कृष्णात उठले. त्यांनी पाना काढला. बोल्ट निघेपर्यंत ऊन कलंडलं. मग किल्ली मिळाली आणि मशीन उरलेल्या रानात शिरलं. आर्जव मागे पळत गेला आणि ओरडला, "धसकटं बोटभरच! शेंग नाही!"

आत्याने दोघांना जवळ ओढलं. "तुमी वाकून बघितलंसा म्हणून कळलं. मी निस्ती ऐकून घेत बसलेवते."

संध्याकाळी मशीनमधली सोयाबीनची टाकी रिकामी करताना कृष्णात हळूच म्हणाले, "वहिनी, झालं गेलं सोडा. वाट्याचं तेवढं बघा..."

"बघितलं," आत्या म्हणाली. "रान कुणाला द्यायचं न्हाई. फुडच्या सालीबी मीच पेरणार!"