बुवांच्या मापाची गाडी

गाडीचं दार काही लागेना. गायत्रीनं मांडीवरचा मृदंग पोटाशी ओढला, गुडघे चोरले, पुन्हा दार खेचलं… तरी बोटभर फट राहिलीच.

"मॅडम, गाडीत बसताय की गाडीशी झगडताय?"

खिडकीबाहेर, मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात, तो उभा होता. हातात किल्ल्यांचा जुडगा, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. सिंधीपुऱ्यातल्या या जुन्या गाड्यांच्या दुकानाचा मालक, निरंजन.

"हसू नका. ही छोटी एसयूव्ही मला पसंत आहे. फक्त मृदंग मावत नाही."

"डिकीत टाका ना. डिकी मस्त मोठी आहे."

"डिकीत? चपलांच्या पिशव्यांत?" गायत्री कडाडली. "देवापुढे वाजतो तो. माणसासारखा सीटवर बसतो!"

"गलती झाली." त्यानं चटकन कान पकडले. "मग सांगा, बसणार किती जण?"

"मृदंग, वीणा, पेटी, टाळ…" ती बोटांवर मोजू लागली.

"अन् माणसं?"

ती थबकली. खरंच की! घरून निघताना तिनं वाद्यं तेवढी मोजली होती.

"मी, मृदंग वाजवणारे वामनकाका, टाळ धरणाऱ्या मालूमावशी… आणि बाबा."

शेवटचा शब्द हळूच आला. तीस वर्षं तापीकाठची गावं कीर्तनानं जागवणाऱ्या तिच्या बाबांनी, अरविंदबुवांनी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर उंबरा ओलांडला नव्हता. रिक्षात पाय दुमडून त्यांना बसवत नसे. एकादशीला वीस किलोमीटरवरच्या गावात गायत्रीचं पहिलं कीर्तन होतं आणि बाबा समोर नसले तर आपल्या तोंडून अभंग फुटणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बुवांच्या गुडघ्याचं सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग माप त्यांचंच घ्यायचं," निरंजन म्हणाला. "उद्या दोन्ही गाड्या घरी आणतो. ही, अन् एक व्हॅन."

"व्हॅन? शाळेच्या पोरांची?"

"बघा तर खरं. नाही आवडली तर मला रागवा… मला चालेल."

तो क्षणभर जास्तच बघत राहिला. गायत्रीनं मृदंग आवळून धरला. ठोका त्यात वाजला की छातीत, तिला कळेना.

दुसऱ्या सकाळी राजपुऱ्यात, गायत्रीच्या दारापुढे दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. बुवांनी काठी थेट एसयूव्हीकडे रोखली. "हिच्यात रुबाब आहे!"

एक पाय त्यांनी उचलून आत टाकला. दुसरा काही वाकेना. आत लोटून बसावं, तर गुडघा पुढच्या सीटला टेकणार. कपाळावर घाम आला. बुवा मागे फिरले.

"राहू दे, गायू. मी घरी फोनवर ऐकेन तुझं कीर्तन."

  निरंजननं व्हॅनचं दार सर्रकन सरकवलं.

"बुवा, खोटं नाही सांगत. हिची गादी तितकी मऊ नाही. खड्ड्यात जरा उडाल. पण पायरी ठेंगणी आहे अन् पायांपुढे जागाच जागा. आधी पाठ आत टेका, मग पाय उचला."

बुवा टेकले. मग एक पाय आत, मग दुसरा… आणि ऑपरेशनचा पाय सरळ, लांब, ऐटीत पसरला! मागे मालूमावशी टाळ घेऊन बसल्या, कोपर कुणाला लागेना. वामनकाकांशेजारी मृदंग सीटवर विराजमान झाला. गायत्रीनं दार ओढलं. खट्! लागलं.

"वामन, थाप दे," बुवा म्हणाले. वर्षभर कोंडलेला आवाज खिडक्यांतून असा बाहेर पडला की गल्लीतल्या बायका हातातली कामं टाकून दारात आल्या.

"हीच घ्यायची," अभंग संपल्यावर त्यांनी सांगितलं. "रुबाब आपण कीर्तनात दाखवू!"

एकादशीची दुपार. तोवर गाडीच्या कागदांच्या निमित्तानं निरंजन रोज घरी येऊन गायत्रीशी भांडून गेला होता. केळीच्या खांबांचा मांडव माणसांनी फुललेला. बाबा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, पाय पसरून. आणि गायत्री अशी गायली, अशी गायली, की म्हातारे हात वर करून नाचले.

कीर्तन संपताच बुवा काठी टेकत आले आणि कमरेतून वाकले.

"बाबा, हे काय!"

"या जागी उभा राहतो त्याला नमस्कार करायचा. बाप नंतर," म्हणत त्यांनी लेकीच्या पायांना हात लावला. मांडव नामघोषानं दणाणला.

पाया पडणाऱ्यांच्या रांगेत मागोमाग निरंजन, व्हॅन चालवत सगळ्यांना घेऊन आलेला. तो वाकला, तशी गायत्रीनं झटकन पाय मागे घेतले.

"तुम्ही नको."

"का? सगळ्यांचा नमस्कार चालतो, माझाच नाही?"

"पाया पडणाऱ्याशी भांडता येत नाही मग… चिडवता येत नाही."

"म्हणजे तुम्ही मला चिडवणार?" त्याचा आवाज उतरला. "किती दिवस?"

गायत्रीच्या कपाळावर बुक्का, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी आणि हसू…

"जन्मभर. चालेल?"

निरंजन एक पाऊल पुढे आला.

"पक्कं?"

"देवापुढे उभी आहे. खोटं बोलेन?"

त्याचा चेहरा असा उजळला की बुवांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी काठी उंचावली.

"वामन, बघतोस काय? वाजव!"

आणि मृदंग घुमला.