अर्ध्या चंद्राची भरती

"हलू नका! जितके हलाल, तितके आत जाल."

गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेल्या त्या उंच माणसाने माझ्याकडे पाहिलं. हातात लाल झेंड्यांचा गठ्ठा, चेहऱ्यावर उसनं अवसान.

"मी ठीक आहे," तो म्हणाला... आणि आणखी वीतभर खचला.

फळी टाकून मी त्याला बाहेर काढलं. तो मोजणीदार होता. खाडीकाठच्या खारफुटीत भरतीचं पाणी कुठवर येतं, तिथे झेंडे लावायला आलेला. झेंड्यांपासून गावाकडची जमीन कोरडी धरायची आणि भराव टाकून तिथे गोदामं बांधायची, असा त्याच्या कंपनीचा बेत. आणि मी? ही खारफुटी वाचावी म्हणून दर रविवारी लोकांना ती दाखवत हिंडणारी. "त्या चिखलाशीच लग्न लाव," आई वैतागून म्हणायची.

म्हणजे आमचं जमायचं काही कारणच नव्हतं. तरी तो रविवारी येऊ लागला.

"पक्षी तिकडे आहेत," मी एकदा म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला. नजर मात्र हलली नाही. मी लाजले... आणि लाजले म्हणून स्वतःवरच चिडले.

मग पौर्णिमा आली. आम्ही बांधावर उभे होतो. पाणी चढत झेंड्यांपाशी आलं आणि थांबलंच नाही. एकेक झेंडा बुडाला. पाणी खेकड्यांच्या बिळांत गुडगुडत पुढे सरकत राहिलं.

"झेंडे लावलेस तेव्हा चंद्र कसा होता?" मी विचारलं.

"अर्धा. का? भरती ती भरतीच ना?"

"अर्ध्या चंद्राची भरती लंगडी असते रे, पाणी कमीच चढतं! खरं उधाण हे, पौर्णिमा-अमावास्येचं."

त्याचा चेहरा उतरला. आजवर डोंगरातले रस्ते मोजलेला माणूस. समुद्राची ही खोड त्याला कुठून कळणार?

"नकाशा पुढे गेलाय. साहेब म्हणतात, आता बदल नाही. शनिवारी सरकारी सुनावणीत तो मलाच मांडायचाय..."

मी ओरडून सांगितलं असतं, तरी ऐकणार कोण? नकाशावर सही त्याची होती. "माझ्यासाठी खरं सांग," हे शब्द अगदी ओठांवर आले. मी ते गिळले. नोकरी त्याची जाणार होती, माझी नव्हे. शनिवार उजाडला.

सभागृह खच्चून भरलं होतं. माझ्या रविवारच्या फेऱ्यांतली माणसं मागच्या रांगांत, साहेब पुढे, पायावर पाय टाकून. तो उठला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"पाणी या रेषेपर्यंतच येतं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

त्याने नकाशावरच्या रेषेवर बोट ठेवलं. साहेब खाकरले.

"नाही," तो म्हणाला. "मी चुकीच्या दिवशी मोजलं. उधाणाला ही सगळी जागा पाण्याखाली असते."

एकच गलका झाला. मागच्या रांगांतली माणसं उभी राहून "आम्ही पाहिलंय!" म्हणून ओरडू लागली. बाईंनी भराव थांबवला आणि उधाणाच्या दिवशी नव्याने मोजणी करायला सांगितलं.

बाहेर जिन्यावर तो एकटाच बसला होता.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "आणि ऐक... हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. खोट्याखाली माझी सही नको होती, बस्. तू उद्या मला नाही म्हणालीस, तरी मी हेच केलं असतं."

क्षणभर रागच आला. किती रुक्ष माणूस! आणि मग छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

"बरं झालं," मी म्हणाले. "माझ्यासाठी केलं असतंस, तर ते ओझं मला जन्मभर वाहावं लागलं असतं."

"जन्मभर?" त्याने हळूच विचारलं.

"जन्मभर," मी म्हणाले. आणि शब्द मागे घेतला नाही.