सून माहेरी असताना

सासऱ्याला विष घातल्याचा आळ डोक्यावर घेऊन प्राप्ती नागावला माहेरी बसली होती. नवरा सलिल पोलिसात तक्रार द्यायला निघालेला. त्याआधी खरं काय ते कळावं म्हणून सासूबाईंनी, सरोजिनी बापटांनी, अलिबागहून खासगी गुप्तहेर क्षिप्रा कर्णिकला दिवेआगरला बोलावलं.

क्षिप्राची गाडी चालवणारा आणि तिच्या प्रत्येक चौकशीत नाक खुपसणारा कमलेश. त्याने वाटेतच निकाल लावून टाकला.

"ताई, सुनंनंच केलंय. नागावला बगितलं ना तिला? डोल्यांत टिपूस न्हाय."

"रडून संपलं असेल."

प्राप्ती त्यांना एवढंच म्हणाली होती, "आम्ही सगळे एकाच पातेल्यातलं जेवायचो. बाबांसाठी वेगळं मी काही करतच नव्हते. पण ऐकतंय कोण?"

देवदत्त बापट आतल्या खोलीत खाटेवर होते. वाडीत दिवसभर राबणारा माणूस, आता कूससुद्धा बदलवत नव्हती. मूत्रपिंडांनी हात टेकले होते. रक्तात विष मात्र सापडलं नव्हतं.

"गेल्या वर्षी ती लग्न होऊन आली," सलिल ओटीवर बसून सांगू लागला, "आणि गणपतीनंतर बाबांचे पाय दुखायला लागले. उन्हाळ्यात माहेरी गेली, तर बाबा हिंडाफिरायला लागले! परत आली आणि या गणपतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी. आणखी काय हवं?"

कमलेशने जोरजोरात मान डोलावली.

सरोजिनीबाईंनी सोललेल्या पपनसाच्या बशा पुढे केल्या. "घ्या. ह्यांच्या हातचं झाड. वादळात वाडी झोपली, तेव्हा ह्यांनी पहिलं कलम हेच लावलं. गेल्या गणपतीत पहिल्यांदा धरलं, यंदा तर फांद्यांना टेकू द्यावे लागले. ह्यांना रोज सकाळी मोठा पेलाभर रस मी स्वतः काढून देते."

कमलेशने दोन बशा फस्त केल्या.

"काकू, औषधं कोणती चालू होती?" क्षिप्राने विचारलं.

"कोलेस्टेरॉलची गोळी. कित्येक वर्षं घेतायत, कधी त्रास नाही. पथ्यही कडक. तूप बंद, अंडं बंद. आणि ते कुठलं परदेशी फळ डॉक्टरांनी वर्ज्य केलेलं... ग्रेपफ्रूट. इथे ते कुणाच्या नजरेला पडतंय!"

क्षिप्राने हातातली फोड बशीत ठेवली. गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि अंगणात जाऊन देवदत्तांच्या डॉक्टरांशी बराच वेळ फोनवर बोलली. परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"विष कुणीही घातलेलं नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट एकाच घराण्यातली फळं. रोज एवढा रस पोटात गेला, तर ही गोळी शरीरात लवकर मोडत नाही, साठत जाते. मग स्नायू झिजतात आणि तो गाळ मूत्रपिंडात अडकतो. डॉक्टरांनाही आता तेच वाटतंय."

"पण उन्हाळ्यात?" सलिलने विचारलं.

"उन्हाळ्यात घरात प्राप्ती नव्हती, तसं झाडावर फळही नव्हतं. तुम्ही फक्त प्राप्तीकडे पाहिलंत. लग्न आणि झाडाचा पहिला बहर, दोन्ही एकाच वर्षी आलं."

"ताई, मीबी खाल्लंय!" कमलेश पांढराफटक पडला.

"तू ती गोळी घेत नाहीस."

सरोजिनीबाई पुटपुटल्या, "दुसरं काही औषध देता का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. घरचं फळ म्हणजे औषध थोडंच? आता रस बंद केला तर?"

"बंद करायलाच हवा. पण गेलेलं परत येणार नाही, काकू."

सलिलने फोनला हात लावला नाही. अंगणात जाऊन तो सरोजिनीबाईंनीच लावला. "प्राप्ती, तू नव्हेस ग. मीच. माझ्याच हातून झालं." सगळी हकिकत त्यांनी रडत रडत सांगितली. फोन कमलेशने त्यांच्या कानाशी धरला होता. मघाशी आपण काय काय बोललो ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"मी परत येणार नाही, असं सलिलला सांगा," पलीकडून प्राप्ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि आई, बाबांना यातलं काही सांगू नका. त्यांना आता तुमच्याशिवाय कोण आहे? मीच केलं असं समजू देत."

फोन बंद झाला. सरोजिनीबाई डोळे पुसून आत गेल्या.

"कुणाचा फोन होता?" देवदत्तांचा क्षीण आवाज ओटीवर ऐकू आला.

"प्राप्तीचा."

"त्या विषारी बाईचं नाव या घरात परत काढायचं नाही."

कमलेश ओटीच्या पायरीवरच थबकला.

"बरं," सरोजिनीबाई म्हणाल्या.