बारा खाचांची पट्टी

"पास्कलभाऊ, धावा! बाबांना सगळं पिवळं दिसतंय. चुन्याची भिंतसुद्धा!"

सांडोरची मार्था दवाखान्याच्या दारात धापा टाकत उभी. पास्कल कंपाउंडरनं सायकल काढली. तिचा सासरा डॉमनिकबाबा, त्याच्या हृदयाचं डिजिटॅलिसचं औषध पास्कलनंच बनवलेलं. ते जास्त झालं की डोळ्यांपुढं पिवळं येतं, ओकाऱ्या होतात, माणूस जातोसुद्धा. डॉक्टरनं दहादा बजावलेलं. आणि डॉक्टर नेमके मुंबईला!

आपलाच हात चुकला काय?

सायकल हाणत तो तिच्या घरी पोचला. म्हातारा ओकून ओकून गळालेला. नाडी मोजली, मिनिटाला चाळीस. मार्थानं पाणी पुढं केलं, तर म्हाताऱ्यानं दात आवळून तोंड फिरवलं.

"घेणार कसे?" पुतण्या रुडॉल्फ खेकसला. मुंबईहून आठवड्यापूर्वी आलेला, पांढरा शर्ट, बाहीवर तपकिरी डाग. "विधवा सून, एकटीच औषध पाजते. फौजदाराला सांगावा धाडलाय मी. तुलाही नेतील, कंपाउंडर!"

पास्कलनं बाटली उजेडात धरली.

"मार्थाबाय, किती देत होतीस?"

"पट्टीवरची एक खाच. सकाळ-संध्याकाळ."

बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या खाचा त्यानं मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. सहाच. आणि कागदाच्या कडेला तपकिरी ओघळ.

"रुडॉल्फ, आल्यापासून केळीच्या वाडीत गेलास?"

"चिखलात मी कशाला जातोय?"

"मग बाहीवर काय?"

"चहा सांडला."

"दोनदा साबन लावला मी त्याला," मार्था पुटपुटली. "फिकासुद्धा झाला नाय."

पास्कलनं पट्टीवर बोट ठेवलं. "मी बारा खाचा कापतो. माझी पट्टी काढून कोनीतरी सहाची लावली, म्हंजे एका खाचेत दोन डोस. मार्था बिचारी मापानं देत गेली. मी लावतो मैद्याची खळ, ती पांढरीच ऱ्हाते. ही लावलीय केळीच्या चिकानं. ताजा चीक पान्यासारखा, वाळला की तपकिरी, मग मरेस्तोवर जात नाय. केळीवाल्या घरातली बाय चिकानं कागद लावील? हे ठाऊक नव्हतं ते तुलाच, रुडॉल्फ! म्हातारा मेला, सून तुरुंगात, की वाडी तुझी."

रुडॉल्फ दाराकडं सरकला. दारात फौजदार उभा. त्यानंच बोलावलेला.

"औषध आजपासून बंद," पास्कल म्हणाला. "आता डॉक्टरला तार करतो."

डॉमनिकबाबा सुनेकडं बघत राहिला. मग सुकलेले ओठ हलले.

"मार्था, पानी दे गो."