सतरा नंबरचा खिळा

सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या आमच्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर तो फळा तीन आठवडे पडून होता. दीड हात लांब काळपट लाकूड, त्यावर चोवीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली कोरलेला नंबर. इंग्लंडच्या कॉर्नवॉल काउंटीतल्या कथलाच्या एका खाणीचा. खाण पाण्याने भरून बंद पडली तेव्हा तिथली माणसं साउथ ऑस्ट्रेलियात तांब्याच्या खाणींवर आली आणि येताना हा फळाही घेऊन आली. तिथल्या एका गावातल्या छोट्या संग्रहालयाने तो माझ्याकडे पाठवला होता. जुन्या वस्तूंचे फोटो काढून त्यांची नोंद करणं हे माझं काम. दोन हजार एकवीसचा एप्रिल होता आणि पॅरामॅटाचं ऑफिस अजून अर्धंच उघडलं होतं, म्हणून काम घरीच चालायचं.

तेवीस खिळ्यांवर पितळी टोकनं लटकत होती. सतरा नंबरचा खिळा तेवढा रिकामा होता.

असला फळा कसा वाचायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझे बाबा चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीत बत्तीघर सांभाळायचे. खाली जाणारा कामगार आपलं टोकन त्यांच्या फळ्यावर लावायचा आणि दिवा घेऊन जायचा. वर आला की दिवा जमा, टोकन परत. म्हणजे टोकन लटकतंय तोवर माणूस खाली. बाबा स्वतः एकदाही खाणीत उतरले नाहीत. वाट बघणं हेच त्यांचं काम, आणि ते त्यांनी बत्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून केलं. एकदा खाली अडकलेल्या एका माणसासाठी दोन दिवस घरी आले नाहीत. "शेवटचा माणूस वर आल्याशिवाय बत्तीघर बंद होत नाही," एवढंच आईला म्हणाले. आईने पुढे आठवडाभर अबोला धरला होता.

तेव्हा मी बेधडक नोंद लिहिली: खाणीत पाणी भरलं त्या दिवशी तेवीस जण खाली राहिले, सतरा नंबरचा एकटा वाचला. संग्रहालय सांभाळणाऱ्या ब्रेंडाला एक फोन करून खात्री करायला हवी होती. पण बत्तीघरात वाढलेल्या मुलीने कोणाला कशाला विचारायचं? अतिशहाणपण नडलं.

महिन्याच्या शेवटी धाकट्या भावाचा, श्रीनाथचा, फोन आला. "ताई, बाबांना ऍडमिट केलंय. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी आहे."

त्याच आठवड्यात भारतातून येणारी विमानं बंद झाली. मला जायची परवानगी मिळेना, आणि गेले असते तर परत येता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी नऊ वर्षांची ईशानी म्हणाली, "मम, युअर बोर्ड इज ड्रिपिंग."

सतराच्या खिळ्याच्या टोकावर पाण्याचा थेंब होता. मी पुसला. दुसरा जमला. बाकीचं लाकूड कोरडं ठणठणीत.

"कंडेन्सेशन असेल, हीटर चालू आहे ना," माझा नवरा, राघव, लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. तो इंजिनिअर आहे. मलाही ते पटलं. ओल्या दगडाचा वास मात्र घरभर होता.

दोन वाजता बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मास्कमागून आवाज जेमतेम येत होता.

"चित्रा, इथे पाणी टपकतंय का गं कुठे? फार गार आहे."

"एसी असेल, बाबा."

"एसी नाही इथे. आणि कोणीतरी ठोकतंय. आतून."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी उठले. रिटायर झाल्यावर बाबांनी आपलं हजेरीचं टोकन मला दिलं होतं, नंबर दोनशे बारा. ते मी सतराच्या खिळ्यावर लावलं. वाचलेल्या माणसाचा खिळा तो, आणि टोकन लावलं म्हणजे इथे कोणीतरी वाट बघतंय, एवढाच माझा हिशोब होता.

पाणी थांबलं.

दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. चौथ्या दिवशी त्र्याण्णव. बाबा मास्क बाजूला करून हसले. "उजेड आला गं. वर आल्यासारखं वाटतंय." उद्या घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवला आणि बत्तीघरातल्या कुठल्याही पोरीने केलं असतं तेच मी केलं. माणूस वर आला, टोकन परत. खिळ्यावरून ते काढून कपाळाला लावलं आणि बांगड्यांच्या डब्यात ठेवलं. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

पावणेतीनला श्रीनाथचा फोन आला. "ताई, आत्ता तर चहा मागितला होता गं त्यांनी..."

बाबांना कोणी नीट पाहिलंही नाही. माझ्या वाट्याला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. पांढरी पिशवी, आणि कॅमेऱ्यामागे माझ्या भावाचं रडणं. मी तो एकदाच पाहिला.

दहाव्या दिवशी, कामाला उशीर झाला म्हणून मी ब्रेंडाला फोन केला आणि नोंद वाचून दाखवली.

"नाही, डिअर," ती म्हणाली, "आमच्याकडे उलटं असायचं. आमची माणसं टोकन खिशात घालून खाली जायची आणि वर आली की खिळ्यावर लावायची. ते तेवीस जण वर आले. सतरा नंबर माझ्या पणजोबांचा भाऊ. तो एकटाच राहिला."

म्हणजे मी टोकन लावलं तेव्हा बाबा वर आले होते. आणि ते मी माझ्या हाताने काढलं.

मी बांगड्यांचा डबा उघडला. बांगड्या होत्या. टोकन नव्हतं. डब्याचा तळ ओला होता.

खाली जाणारा टोकन सोबत नेतो.

फळा परत पाठवायच्या दिवशी शेवटचा फोटो काढायला मी त्याचं वेष्टण सोडलं. सतराच्या खिळ्यावर टोकन होतं.

बाबांचं नव्हे.

हिरवं पडलेलं, चिखलाने माखलेलं. बोटाने पुसलं तर खाली सतरा आकडा होता. हातात घेतलं तेव्हा ते कोमट लागलं, कोणीतरी इतका वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखं.

मी टेबलाशी बसून खूप रडले. शेवटचा माणूस खाली असताना बाबा त्याला सोडून वर येणार थोडेच!

फळा ब्रेंडाकडे गेला. चोवीसच्या चोवीस टोकनं. त्यांचं बत्तीघर आता बंद झालं.

दोनशे बारा नंबरला तिथे खिळा नाही. मी घरमालकाला न विचारता स्वयंपाकघराच्या भिंतीत एक ठोकला आहे. तो रिकामाच असतो. रोज दुपारी दोन वीसला त्याच्या टोकावर एक थेंब जमतो. राघव आता कंडेन्सेशन म्हणत नाही. मी शेजारी दिवा लावून बसते आणि भिंतीला कान लावते.

काल पहिल्यांदा ठोकल्याचा आवाज आला. खूप खोलवरून.