ठसका लागणारी गाडी

सिग्नल हिरवा झाला आणि माझ्या पुढची लाल गाडी हललीच नाही. म्हणजे हलली… पण एक ठसका दिला, मान टाकली, पुन्हा ठसका दिला. तिच्या मागे माझी स्कूटर, माझ्या मागे अख्खी दुनिया, आणि सगळ्यांचे हॉर्न माझ्याच कानात!

मी स्कूटर तिच्या खिडकीशी नेली. "अहो, झोप लागली का? चालवता येत नसेल तर ढकलत न्या की!"

आतल्या माणसाने वर पाहिलं. चष्मा, कोपरापर्यंत दुमडलेल्या पांढऱ्या बाह्या, आणि चेहरा असा, की याच्यावर ओरडलं तर आपल्यालाच वाईट वाटावं.

"झोप नाही हो," तो म्हणाला. "ॲक्सिलरेटर दाबला की ही विचारात पडते. परवाच दुरुस्त होऊन आलीये."

"कुठल्या दिवट्याने केली दुरुस्त?"

तो माझ्या डगल्याच्या खिशाकडे बघत राहिला. खिशावर आमच्या गॅरेजचं नाव शिवलेलं होतं… मग मी गाडीकडे नीट पाहिलं. दोनच सीट, लांब नाक, वयाने माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. अगं आई गं! ही तर मीच केली होती.

दोन वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली ती गाडी टोचन करून आमच्याकडे आली होती, आणि टोचनवाल्यानेच ती परत पोहोचवली होती. म्हणून मालकाचं तोंड मी पाहिलं नव्हतं. गॅरेज बाबांचं. तीस वर्षं जुन्या गाड्या त्यांनी बोटांनी ओळखल्या, पण गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरायला लागले. "आता तू फोरमन," एवढंच म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले. ही लाल गाडी मी एकटीने उघडून एकटीने बंद केलेली पहिली गाडी. आणि तिने पहिल्याच आठवड्यात भर चौकात माझं नाक कापलं!

गॅरेजमध्ये चहा घेता घेता त्याने सगळं सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून मनातल्या मनात मी त्याला घड्याळजी म्हणायला लागले. गाडी त्याच्या मावशीची. मावशीनेच त्याला वाढवलं. तरुणपणी ती याच गाडीतून घाटात शर्यती मारायची. आता तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि येत्या शनिवारी तिला घरी सोडणार होते.

"मावशीने डॉक्टरांना बजावलंय, माझ्या गाडीतून घरी जाईन, नाहीतर इथेच राहीन," तो म्हणाला. "पण वाटेत हायवे ओलांडावा लागतो. सिग्नल नाही. दोन ट्रकच्या मधली फट बघायची आणि एका दमात निघायचं. काल मी मधोमध अडकलो. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून…"

मी चहाचा कप खाली ठेवला. नुकतीच छाती शिवलेली बाई त्या सीटवर असती तर? आणि गाडी माझ्या हातची!

"शनिवारच्या आत करून देते," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

रविवारी मी प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोलची गाळणी नवी घातली. ट्रायल घेतली तर गाडी काय पळाली म्हणता! चढावर पाय दाबला की पाठ सीटला टेकायची. घड्याळजी खुशीत घेऊन गेला. सोमवारी सकाळी दारात हजर.

"पुन्हा ठसका?"

"पुन्हा."

सोमवारी टायमिंग तपासलं, रबरी नळ्या एकेक करून वाकवून पाहिल्या, चीर कुठेच नाही. ट्रायलला गाडी पुन्हा शहाण्यासारखी वागली. मंगळवारी सकाळी पुन्हा दारात. मंगळवारी पेट्रोलचा पंप उघडला. बुधवारी पुन्हा तेच. आमच्याकडे ठणठणीत आणि त्याच्याकडे गेली की आजारी! माझी झोप उडाली. डोळे मिटले की तो हायवे आणि ट्रक दिसायचा.

"गाडीला काही झालेलं नाही गं," बाबा स्टुलावरून म्हणाले. "गाडीवाल्याचंच काहीतरी बिघडलंय."

"बाबा!"

"मी आपलं पाहिलं ते सांगितलं."

खोटं कशाला बोलू? मलाही तोच संशय होता. आणि त्या संशयाचा राग यावा तेवढा येत नव्हता, म्हणून स्वतःचाच राग येत होता. कारण रोज गाडी सोडायला आला की तो लगेच जायचा नाही. बाकावर बसायचा. माझ्या हाताकडे बघायचा, मी पाहिलं की भिंतीकडे बघायचा.

"तुमचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे," बुधवारी तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"गॅरेजचं घड्याळ आहे ते. गिऱ्हाइकाला थांबवायला बरं पडतं."

"मग राहू दे तसंच? मला थांबायला… काही हरकत नाही."

मी पाना उगीचच जोरात आपटला. तोवर त्याने घड्याळ खाली काढून उघडलंसुद्धा होतं. खिशातून बारीक काडी काढली, टोकाला कापूस गुंडाळला आणि आत फिरवायला लागला. "बघा, कुणीतरी तेल ओतून ठेवलंय. तेल म्हणजे यंत्राचा शत्रू. सुईच्या टोकावर राहील एवढंच घालायचं, बाकी सगळं पुसून काढायचं." त्याचे हात इतके हलके चालत होते की मी दोन मिनिटं गाडी विसरून गेले.

गुरुवारी मात्र तो पुन्हा आला आणि माझा तोल सुटला. "खरं सांगा. तुम्ही मुद्दाम बिघडवता ना गाडी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मावशीच्या जिवाशी खेळ करीन मी?"

काय बोलून गेले मी! जीभ चावली, पण उपयोग काय.

"शनिवारी टॅक्सी सांगतो," तो सावकाश म्हणाला. "मावशी रुसेल, पण… असू दे. तुमचा दोष नाही." ते शेवटचं वाक्य जास्त लागलं. दारापर्यंत गेला आणि वळला. "आणि बिघडवायची गरजच काय? मी तसाही आलो असतो."

गाडी तशीच गेली नाही हं. मी ती ठेवून घेतली, दुपारभर नुसती तपासली, दोष काही सापडला नाही, आणि संध्याकाळी मुकाट्याने परत दिली. मग मनाशी ठरवलं, आता गाडीने माझ्याकडे यायचं नाही, मी तिच्याकडे जायचं. ती त्याच्या शेडमध्ये असते तेव्हा तिला होतं तरी काय, ते बघायचं.

शुक्रवारी सकाळी सातला मी त्याच्या शेडच्या दारात उभी. बॉनेट उघडं होतं. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या दोन घुमटांपैकी एकाचं टोपण काढलेलं, आणि घड्याळजी काडीला कापूस लावून आत फिरवत होता. मला बघताच त्याने काडी पाठीमागे लपवली.

"काय करताय?"

"काही नाही… पुसतोय."

"काय पुसताय?"

"रागावणार नाही ना?" त्याने लपवलेली काडी पुढे आणली. "तुमच्याकडून… टोपणाच्या आत जरा तेल सांडतं. दर वेळी. पहिल्यांदा वाटलं, गॅरेजवाले गबाळे आहेत. मग तुम्ही भेटलात. आता बाबांसमोर कसं सांगायचं, की तुमची मुलगी तेल सांडते? म्हटलं आपण गुपचूप पुसावं. कुणाला कळायला नको."

मी त्या टोपणांना हातसुद्धा लावला नव्हता. मग तेल कुणी… आणि डोळ्यांपुढे बाबा आले. स्टूल, शेजारी तेलाची झारी. अशी जुनी गाडी आत आली की ते ती टोपणं फिरवून दोन्हीकडे धार सोडतात. तीस वर्षांची सवय. वरणात मीठ घातलं हे कुणी सांगत बसतं का?

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडायलाच लागले.

"अहो… काय झालं? लागलं का कुठे?"

"ते सांडलेलं नाही हो! ते लागतंच तिथे! पाय दाबला की आतला दट्ट्या वर चढतो. तेल त्याला धरून ठेवतं, सावकाश चढ म्हणून सांगतं. तेल नसलं की तो टुणकन उडतो, हवा भसकन आत शिरते, पेट्रोल मागे राहतं आणि गाडीला ठसका लागतो. बाबा रोज घालतात, तुम्ही रोज पुसता, आणि मधल्यामध्ये मी आठ दिवस मरतेय!"

तो माझ्यासमोर मटकन बसला. "म्हणजे बिघाड… मी?"

"तुम्ही! तुमच्या हातांनी! माझ्या नाही!" कितीतरी दिवसांनी मला पोटभर श्वास घेता आला. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो हाच.

"तेल आहे का घरात?" मी डोळे पुसत विचारलं. त्याने धावत जाऊन अंगठ्याएवढी बाटली आणली. घड्याळाचं तेल!

"याने भरायला पुढचा जन्म लागेल," मी म्हटलं आणि स्कूटरच्या डिकीतून माझी बाटली काढली. तेल भरून टोपणं लावली आणि आम्ही थेट हायवेला गेलो. फट दिसली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्याने पाय दाबला. गाडी एका दमात पलीकडे! पलीकडे गेल्यावर कळलं, मी त्याची बाही मुठीत घट्ट धरून ठेवलीये. पांढऱ्या बाहीवर माझी पाच काळी बोटं उमटली होती. मी हात काढायला लागले तर तो म्हणाला, "राहू दे."

शनिवारी खबरदारी म्हणून मीही त्याच्यासोबत गेले. हॉस्पिटलच्या दारात मावशी चाकांच्या खुर्चीतून उठली आणि हुकूम सोडला, "सीट दोनच आहेत. ही चालवेल. तू बसने ये."

हायवेच्या कडेला मी थांबले. "थांबलीस काय? दाब!" मावशी म्हणाली. मी दाबला. गाडी सुळकन निघाली आणि म्हातारीने चक्क टाळी वाजवली.

"रोज सांगायचा मला," ती म्हणाली. "पोरगी तेल सांडते, पण हात सोन्याचे आहेत."

"मावशी, ते तेल मी नाही सांडलं!"

"माहीत आहे गं. इतकी वर्षं ही गाडी चालवली, त्या टोपणांत तेल लागतं हे मला कळत नसेल? तो ते पुसून टाकतोय हे बुधवारीच समजलं."

मी गाडी कडेला घेऊन थांबवलीच. "आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"हायवेवर गाडी घालू नकोस, माझ्याकडे बसने येत जा, एवढं बजावलं होतं त्याला. आज सकाळी सांगणारच होते. पण हा पोरगा जन्मात कुणाकडे सलग चार दिवस गेलेला नाही. म्हटलं, जातोय तर जाऊ दे." मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्या जिवाला मात्र घोर लावला. चुकलंच माझं."

मला रागावता आलं नाही. खरंच नाही.

मावशी घरात जाऊन पडली आणि मी फाटकापाशी उभी राहिले. अर्ध्या तासाने तो धापा टाकत आला. बसस्टॉपपासून पळत आला असणार.

"कशी आली मावशी?"

"एका दमात."

तो हसला. मग चष्मा काढून पुसायला लागला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "म्हणजे आता… गाडी बिघडणार नाही."

"नाही."

"मला तुम्ही फार आवडता. हे आधीच सांगायला हवं होतं, ते तेल पुसत बसण्यापेक्षा." एका श्वासात बोलून गेला बिचारा. "गाडी नाही बिघडली… तरी येऊ का मी?"

मी फाटक उघडलं आणि त्याच्या हातातला चष्मा घेऊन त्याच्या नाकावर नीट बसवला.

"रोज ये," मी म्हटलं. "कापूस तेवढा घरी ठेवून ये."